टाकी १७ लिटरची, मग दिवा १९० वरच का लागतो?

सहावागिअर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली. १००० सीसी, चार सिलिंडर, टाकी १७ लिटर, मी तिसरा मालक. गाडी दणदणीत आहे. पिकअप तर असा की अजून सवय होत नाहीये. तक्रार एकच, पेट्रोल. १८०-१९० किमी झाले रे झाले की पिवळा दिवा डोळे वटारतो. आधीची ४०० सीसी होती, तिची टाकी भरली की मी पेट्रोल हा विषयच विसरून जायचो.

मागच्या तीन टाक्यांचा हिशेब: २०४ किमीला १३.६ लिटर, १८७ ला १२.९ आणि १७१ ला पुन्हा १२.९ (ही मित्रांबरोबरची, जरा पिळली होती). म्हणजे १५, १४.५ आणि १३.३.

एक जण म्हणतो इंजेक्टर साफ करून घे, दुसरा म्हणतो ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग बदल, तिसरा म्हणतो टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओत. खिशात हात घालायच्या आधी इथे विचारतोय. हे नॉर्मल आहे का?

मूठपिळ्या

हत्ती दारात बांधलात आणि आता चाऱ्याचा हिशेब विचारताय. (हलके घ्या.)

दीडशेवाला

मी यामाहा आर-१५ वाला, त्यामुळे या धाग्यावर माझी उंची जरा कमीच. पण एक गणित मांडतो. माझी टाकी ११ लिटर. ४० चं मायलेज धरलं तरी ४४० किमी. सुझुकीच्या हायाबुसाची टाकी २० लिटर. १६ चं धरलं तर ३२०. म्हणजे सगळे मिळून निघालो की पंपावर आधी वळणार बुसा, आणि मी बाजूला उभा राहून हेल्मेटची काच पुसणार.

मूठपिळ्या

@दीडशेवाला, बुसा पेट्रोल भरून, हवापाणी बघून, परत तुम्हाला गाठून पुढेसुद्धा जाईल.

कार्बकाका

भांडू नका रे पोरांनो. सहावागिअर, आधी दिव्याचा घोळ मिटवू. टाकी १७ ची आणि दिवा लागल्यावर तू भरतोस १३. मग आत किती उरलं होतं? चार. दिवा म्हणजे टाकी संपली असं नव्हे, शेवटचा हिस्सा सुरू झाला एवढंच. तुझ्याच मायलेजने अजून पन्नासेक किमी हातात आहेत. त्यातलं थोडं पंपाला उचलताच येत नाही, म्हणून चाळीस धर.

आमच्या वेळी दिवाबिवा नव्हता, पेट्रोलचा कॉक होता. ऑन, रिझर्व्ह, ऑफ. ऑनला पेट्रोल उंच नळीतून यायचं, रिझर्व्हला बुडातून. चालत्या गाडीत इंजिन भकभक करायला लागलं की डावा हात खाली घालायचा, गुडघ्याच्या मागे चाचपडत कॉक फिरवायचा. दोन-तीन सेकंद गाडी मेल्यासारखी, मग एकदम जीव धरायची. बोटांना ती खाच आजही आठवते.

एकदा टाकी भरली आणि कॉक रिझर्व्हवरून ऑनला आणायचा विसरलो. पुढच्या वेळी भकभक झाली, हात खाली घातला, तर कॉक आधीच रिझर्व्हवर! पावणेदोनशे किलोचं धूड ढकलत निघालो. चढावर समजलं की गाडीला वजन असतं. थोडं गेल्यावर आठवलं, मग गाडी डावीकडे चांगली आडवी केली. टाकी खालून खोगिरासारखी असते ना, मधून फ्रेम जाते. कॉक एका बाजूला, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या खोलगटात कपभर पेट्रोल बसलेलंच राहतं. आडवी केली की ते मधला उंचवटा ओलांडून इकडे येतं. त्यावर पंपापर्यंत पोचलो.

इंजेक्शनच्या गाडीवर मात्र असले खेळ नेहमी करू नका. पेट्रोल पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलाने थंड राहतो. दर वेळी खडखडाट होईपर्यंत पळवलीत तर पंप तापतो, तळाचा गाळही फिल्टरवर येतो.

नवाटायर

मला वेगळाच अनुभव. टाकीचे अर्धे दांडे पहिल्या १५० किमीत जातात आणि उरलेले अर्धे पुढच्या ८० मध्ये गायब. सेन्सर खराब आहे का?

कार्बकाका

@नवाटायर, सेन्सर शहाणा आहे, टाकी वाकडी आहे. स्पोर्ट बाईकमध्ये जे टाकीसारखं दिसतं त्यातला पुढचा भाग बऱ्याचदा नुसतं झाकण, खाली एअरबॉक्स. पेट्रोल मागे आणि खाली, थेट सीटच्या पोटात गेलेलं. वर रुंद, खाली निमुळती. पातळी मोजणारी तरंगी तेवढीच खाली येते, पण वरच्या एका बोटात जेवढं पेट्रोल मावतं तेवढं खालच्या एका बोटात मावत नाही. नवीन गाड्यांत मीटर हे गणित सांभाळून घेतं, सगळ्यांत नाही. माझा काटा म्हणजे ट्रिपमीटर. टाकी भरली की शून्य. दांडे मोजत बसत नाही.

रेघोटी

मी या धाग्यावर दुसऱ्याच कारणासाठी आले. सहावागिअर, दोन प्रश्न. टाकी भरताना गाडी साइड स्टँडवर असते की सरळ? आणि नोझल कट झाल्यावर थांबता, की ‘अजून जरा बसतंय का’ बघता?

सहावागिअर

साइड स्टँडवर. आणि कधी कट झाल्यावर थांबतो, कधी काठोकाठ. खरं सांगायचं तर मूडवर आहे.

रेघोटी

मग तुमचे १५, १४.५ आणि १३.३ हे तिन्ही आकडे मूडवर आहेत. :)

राग मानू नका, सगळ्यांचंच असं होतं. गाडी कललेली असली की एका बाजूला हवा अडकते, नोझल लवकर कट होतं. सरळ धरून भरली की त्याच टाकीत अर्धा लिटर सहज जास्त बसतं. १३ लिटरच्या भरण्यात अर्ध्या लिटरची चूक म्हणजे जवळजवळ चार टक्के, आणि हिशेब तुम्ही दशांशात मांडताय.

यावर उपाय म्हणजे एका टाकीचं मायलेज काढायचंच नाही. पाच टाक्या भरा, सगळे किमी एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग एकदाच भागाकार. यात गंमत अशी की मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आज अर्धा लिटर कमी बसलं तर पुढच्या वेळी तेवढंच जास्त बसतं. हिशेबात उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक, आणि ६५ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे एक टक्कासुद्धा नाही.

पाच मायलेजची सरासरी मात्र काढू नका, ते वेगळं प्रकरण आहे. १०० किमी २० ने गेलात आणि १०० किमी १० ने, तर सरासरी १५ येत नाही. ५ लिटर अधिक १० लिटर, २०० किमीला १५ लिटर, म्हणजे १३.३. अंतरं सारखी असली की सरळ सरासरी फुगलेला आकडा देते. आपल्याला हवा तोच आकडा देते म्हणून ती लोकप्रिय आहे.

आणि काठोकाठ भरणं बंद करा. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. गार पेट्रोल १७ लिटर भरून गाडी उन्हात लावली, २० अंशांनी तापलं, की ३०० मिली जास्तीचे झाले. ते जाणार कुठे? वाफ शोषायला जो कोळशाचा डबा दिलेला असतो त्यात घुसतं. तो डबा वाफेसाठी असतो, पेट्रोलसाठी नाही. एकदा भिजला की गाडी गरम असताना स्टार्टला त्रास देते आणि लोक प्लग बदलत बसतात.

मूठपिळ्या

रेघोटीताईंनी एका प्रतिसादात माझ्या आयुष्यभराच्या मायलेजच्या थापा उघड्या पाडल्या.

वाचनमात्र

रोचक धागा. वाचतेय.

नवाटायर

एक राहिलंच. इथेनॉलवाल्या पेट्रोलने किती फरक पडतो? आमच्याकडे सगळं खापर त्याच्यावरच.

रेघोटी

पडतो, पण मोजका. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. १० टक्के मिश्रण असेल तर तीनेक टक्के ऊर्जा कमी, २० टक्के असेल तर सहा-सात. १५ चं १४ होईल. १५ चं ११ झालं असेल तर दुसरं काहीतरी आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर मात्र लक्ष ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

वाराखाऊ

उशिरा आलो, पण माझा विषय निघाल्याशिवाय धागा पुढे कसा जाईल!

लिटरबाईकवर (म्हणजे १००० सीसीच्या गाडीवर) सरळ रस्त्याला १०० च्या स्थिर वेगात किती ताकद लागते? आठ-दहा हॉर्सपॉवर. वाऱ्याचा विरोध, टायरचं घर्षण, चेनचं खाणं सगळं धरून. इंजिन मात्र १८०-२०० घोड्यांचं. दहा घोडे टांग्याला जुंपलेत आणि बाकीचे तबेल्यात बांधलेत, पण चारा त्यांनाही लागतोच. चार मोठे पिस्टन, क्रँक, सोळा व्हॉल्व्ह, सगळं फिरवायचंय. शिवाय थ्रॉटल (हवेची झडप) जेमतेम उघडा, म्हणजे इंजिन नाक चिमटीत धरून श्वास घेतंय. तो ओढून घेण्यातच ताकद जाते. म्हणून ४०० सीसी त्याच वेगाला २५-३० देते आणि लिटरबाईक १८ च्या पुढे जायला कुरकुरते. यात बिघाड काही नाही.

आता वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० चे १२० केलेत, दीडपट, तर विरोध सव्वादोनपट. इथे बरेच जण घनाचा हिशेब सांगतात, सव्वातीन-साडेतीनपट वगैरे. तो ताकदीचा हिशेब, तासाचा. मायलेज किलोमीटरमागे असतं, तिथे वर्गच लावायचा. उभं बसून छातीने वारा खाल्लात की आणखी वाढवा. हनुवटी टाकीवर आणि कोपरं आत, हे नुसतं फोटोसाठी नसतं.

आणि ॲक्सिलरेटरची मूठ. आरामात चालताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, असं मिश्रण ठेवतो. मूठ पूर्ण पिळली की सेन्सरला विचारत नाही, ठरलेल्या नकाशाप्रमाणे १२.५-१३ ला एक असं दाट मिश्रण देतो, कारण तिथे ताकद हवी आणि व्हॉल्व्ह थंड राहायला हवेत. मूठ सोडली आणि गाडी गिअरमध्ये असली की उलट, इंजेक्शन बंदच, थेंबही नाही. म्हणून उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ‘वाचवणारे’ उलटं करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला जिवंत राहायला पेट्रोल लागतं, गिअरमध्ये चाकच त्याला फिरवतं.

अवांतर: मोटोजीपीत टाकी २२ लिटरची मर्यादा आहे, २०२७ पासून २० होणार. शर्यत साधारण ११०-१२० किमीची. म्हणजे पाच-साडेपाचचं मायलेज, तेही ईसीयू काटकसर करत असताना.

मूठपिळ्या

बघा, मी ११ देतो म्हणजे मी मोटोजीपीपेक्षा दुप्पट काटकसरी.

जुनीचेन

सहावागिअर, तुम्ही तिसरे मालक म्हणालात. पुढच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात मोजलेत का?

सहावागिअर

नाही. कशाला?

जुनीचेन

स्पोर्ट बाईक हातोहात फिरते तेव्हा कुणीतरी पिकअपसाठी पुढे एक दात कमी आणि मागे दोन वाढवलेले असतात. ‘पिकअपची सवय होत नाहीये’ हे तुमचंच वाक्य. एक काम करा. फोनवर जीपीएस लावून सहाव्यात बरोबर १०० धरा. मीटर किती दाखवतो आणि आरपीएम किती, दोन्ही सांगा.

मीटरच्या १०० ला आरपीएम बघू नका, त्याने काही कळणार नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुटवर असतो, चाकावर नाही. त्यामुळे मीटर आणि टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) दोघेही चेनच्या एकाच बाजूला. सख्खे भाऊ, एकमेकांची बाजू सावरून घेणार. स्प्रॉकेट काहीही लावा, त्यांची जबानी जुळलेलीच असते. साक्षीदार बाहेरचा हवा, म्हणजे जीपीएस.

कार्बकाका

जुनीचेन, नेमकं धरलंत. मी दिव्यातच अडकलो होतो.

सहावागिअर

करून आलो. थोडं सविस्तर सांगतो.

आधी रेघोटीताईंचा गृहपाठ. पाच टाक्या, दर वेळी गाडी सरळ धरून (भाऊ मागून धरतो, मी भरतो), पहिल्या कटला थांबून. ९१२ किमी, ६३.४ लिटर. १४.४.

आता जीपीएस. १०० धरले तेव्हा मीटर ११७ दाखवत होता आणि आरपीएम ४५००.

जुनीचेन

११७! मीटर थोडा जास्त दाखवतो हे ठरवूनच केलेलं असतं. युरोपच्या ज्या नियमावर बहुतेक कंपन्या गाड्या बनवतात त्यात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, आणि जास्त म्हणजे दहा टक्के अधिक ४ किमी. खऱ्या १०० ला ११४ ही मंजुरीच्या चाचणीची हद्द. कंपनीतून निघालेली गाडी सहसा ११७ दाखवत नाही. आता दात मोजा, स्प्रॉकेटवर बाजूला आकडा ठोकलेला असतो. आणि मॅन्युअलमध्ये काय आहे तेही बघा.

सहावागिअर

कव्हर काढलं. आत चेनच्या वंगणाचा आणि मातीचा एवढा काळा गोळा की आकडा दिसेना. रॉकेलचं फडकं मारून, टॉर्च धरून वाचला. १६. मागचं मोजायला खडूची खूण करून चाक फिरवलं, दोनदा मोजलं, दोन्ही वेळा ४४.

मॅन्युअल म्हणतं १७ आणि ४२.

रेघोटी

४२ भागिले १७ म्हणजे २.४७. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५. फरक ११.३ टक्के. आता बसा आणि पाणी प्या, कारण पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

इंजिन त्याच अंतराला ११ टक्के जास्त फिरतंय, हे एक. पण तुमचा किलोमीटरचा आकडा पण त्याच शाफ्टवरून येतो. म्हणजे १०० किमी गेलात की मीटर १११ लिहितो. तुमचं १४.४ हे कागदावरचं. खरं १२.९.

मूठपिळ्या

वापरलेली गाडी मीटर मागे फिरवून विकतात हे ऐकून होतो. पुढे फिरवून विकलेली पहिलीच बघतोय.

दीडशेवाला

=)) =))

सहावागिअर

मी अजून त्या १२.९ कडेच बघतोय. तरी खात्री करून घेतली. जीपीएसवर बरोबर ५० किमी गेलो, ट्रिपमीटरवर ५५.६. ताईंचा हिशेब दशांशापर्यंत खरा.

म्हणजे दिवा १९० वर लागतो हीसुद्धा थाप होती. खरे १७० च होते.

वाराखाऊ

एवढं सगळं स्प्रॉकेटमुळे नसेल. ११ टक्के जास्त आरपीएम म्हणजे ११ टक्के जास्त पेट्रोल असं होत नाही, वाऱ्याचं काम तेवढंच राहतं. वाढतं ते इंजिनचं स्वतःचं खाणं. पाच-सहा टक्के धरा. चेन उतरवताय तर मागचं चाक हाताने फिरवून बघा. टायरची हवा गाडी थंड असताना.

नवाटायर

आणि इंजेक्टर क्लीनिंग, मॅपिंग, ॲडिटिव्ह?

कार्बकाका

बाटली कपाटातच राहू दे. जिथे दुखतंय तिथे बोट ठेवल्याशिवाय औषध नको. एअर फिल्टर मात्र उघडून बघ, तिसरा मालक म्हणजे कुणी बघितलाच नसेल. (एकदा मला एअरबॉक्समध्ये उंदराचं अख्खं घर मिळालं होतं, पण ती गोष्ट वेगळ्या धाग्याची.)

वाचनमात्र

उंदराचा धागा काढाच काका.

सहावागिअर

धागा वर काढतोय. तीन आठवडे लागले.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन टाकली, १७-४२. जुन्या ताणलेल्या चेनवर नवीन स्प्रॉकेट टाकू नका असं जुनीचेन यांनी व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं, त्यामुळे सेटच घेतला. वाराखाऊंनी सांगितलं तसं चेन नसताना मागचं चाक फिरवलं. अर्धा फेरा गेला आणि थांबला. ब्रेकचा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ती सुकून कडक झालेली, पॅड डिस्कला घासतच राहिलेलं. पिन काढून पुसली, ग्रीस लावलं, आता हाताने ढकललं की तीन-चार फेरे फिरतं. एका वर्कशॉपमध्ये महिन्याभरापूर्वीच ‘ब्रेक चेक केले’ म्हणून लिहून दिलं होतं, असो. एअर फिल्टर काळा होता, बदलला. उंदीर नव्हता.

टायरची हवा मागे बरीच कमी होती, मॅन्युअलप्रमाणे केली.

आता जीपीएसच्या १०० ला मीटर १०५ दाखवतो, आरपीएम ४०५० च्या आसपास. पहिल्या गिअरला सुटताना मूठ जरा जास्त द्यावी लागते, तो हिसका गेला. दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मायलेज पाच टाक्यांचं, सरळ धरून, पहिल्या कटला थांबून: १४.१.

नवाटायर

आधी १४.४ होतं ना? कमी झालं?

सहावागिअर

हेच घरी समजावताना माझ्या नाकी नऊ आले. एवढा खटाटोप करून, चेनसेट घालून, मीटरवरचं मायलेज १४.४ वरून १४.१ वर आलं आणि दिवा १९० ऐवजी १८३ वर लागायला लागला. भाऊ म्हणतो, ‘आधीच बरी होती की.’

खरं १२.९ चं १४.१ झालंय, नऊ टक्के जास्त. दिव्यापर्यंतचे खरे १७० चे १८३. पण हे मीटरला सांगायचं कसं?

रेघोटी

मीटरला सांगू नका, वहीत लिहा. आणि जमलं तर १०० किमीला किती लिटर असं लिहा. ७.७५ होतं, ७.१ झालं. किमी-प्रति-लिटरचा आकडा माणसाला फसवतो. १२ चं १५ झालं तर ३०० किमीत ५ लिटर वाचतात. २५ चं ३० झालं तर २ च. उडी बघून दुसरी मोठी वाटते, पेट्रोल वाचवते पहिली.

दीडशेवाला

म्हणजे माझं ४० चं ४५ झालं तरी कुणाला काही फरक पडत नाही?

रेघोटी

३०० किमीला पाऊण लिटरच्या थोडं वर. तुमच्या हेल्मेटची काच पुसायला पुरेल. :)

कार्बकाका

सहावागिअर, ते सगळं ठीक. आता दोन आकडे मनात पक्के कर. दिवा १८० च्या पुढेमागे लागतो, आणि दिव्यानंतर चाळीस किमी. म्हणजे २२०. मित्रांबरोबर पिळणार असशील तर त्याआधीच पंप शोधायला लाग, दिव्याची वाट बघू नकोस. आणि घोळक्यात निघालात तर सगळ्यात छोट्या पल्ल्याच्या गाडीवर थांबे ठरवा. मोठ्या गाडीवर ठरवलेत की छोटा पल्ला असलेला बिचारा संकोचाने बोलत नाही आणि मग अंधारात ढकलत येतो. केटीएमच्या पहिल्या पिढीच्या आरसी ३९० वाले माझ्या ओळखीत आहेत, टाकी जेमतेम दहाएक लिटरची. त्यांना विचार. नंतरच्या मॉडेलला कंपनीने १३.७ ची टाकी दिली ती उगाच नाही.

वाराखाऊ

मोठी टाकीही फुकट नसते बरं का. १७ लिटर पेट्रोल म्हणजे साडेबारा किलो. भरलेली आणि रिकामी गाडी वळणात वेगळी वाटते ते त्यामुळेच.

सहावागिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीचेन, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसतात तर मी आत्तापर्यंत तीन बाटल्या ओतून झालो असतो.

मूठपिळ्या

ते सगळं झालं. तुमचं काढलेलं १६ दातांचं स्प्रॉकेट फेकलं तर नाही ना? ५२५ मापाची चेन होती का? मला हवंय.

जुनीचेन

दात झिजून माशाच्या पंखासारखे झाले असतील हो ते.

सहावागिअर

५२५ च. गोळ्यासकट पिशवीत बांधून ठेवलंय. पत्ता व्यनि करा.